युद्धकाळातली प्रवचनं: धीर कुठे सापडतो, आणि ती वाचायची कशी?

वाचनखूण
युद्धाच्या दिवसांत दिलेली प्रवचनं आध्यात्मिक आधारासाठी वाचणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून स्वतंत्र धागा काढतो आहे. कोणत्या प्रवचनांतून खरोखर धीर मिळतो, ती कशी वाचायची आणि गटात वाचताना काय बिघडतं, एवढ्यापुरती चर्चा ठेवूया. कोणतं युद्ध न्याय्य होतं, हा विषय कृपया दुसरीकडे.

सुरुवात इंग्रज लेखक आणि ऑक्सफर्डचा प्राध्यापक सी. एस. लुईसपासून करतो. तारीख २२ ऑक्टोबर १९३९, जागा ऑक्सफर्डचं सेंट मेरी चर्च, समोर विद्यार्थी. ब्रिटन युद्धात उतरून सात आठवडे झालेले. प्रश्न साधा होता: तिकडे माणसं मरत असताना इथे पुस्तकं उघडून बसायचं कोणत्या तोंडाने? लुईसचं उत्तर असं की युद्धाने माणसाची मूळ परिस्थिती बदलत नाही, ती फक्त उघडी पडते. आयुष्य बेभरवशाचं आधीही होतंच. पुढे तो विद्यार्थ्याचे तीन शत्रू सांगतो: चित्ताची खळबळ, काम अर्धवट राहणार ही निराशा, आणि भीती.

हे प्रवचन नुसतं वाचून सोडू नका. वहीत तीन रकाने करा आणि या आठवड्यात आपल्याला यातलं नेमकं काय छळतंय ते लिहा, कारण तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. खळबळीवर उपाय: अनुकूल काळाची वाट न पाहता प्रतिकूल काळातच काम सुरू ठेवणं, कारण अनुकूल काळ कधी येतच नाही. निराशेवर: उद्याचा दिवस देवाच्या हाती सोपवणं, कारण कर्तव्य करायला आणि कृपा घ्यायला फक्त आजचा दिवस मिळतो. भीतीबाबत तो गोड बोलत नाही. मरण शंभरातल्या शंभरांना आहे, युद्धाने तो आकडा वाढत नाही, असं तो सरळ सांगतो. हे कोरडं वाटू शकतं. पण बोलणारा माणूस १९१८ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेला होता, हे लक्षात ठेवून तो परिच्छेद पुन्हा वाचा.

ओसरी
चांगला धागा. लुईससोबत जर्मन धर्मशास्त्रज्ञ हेल्मुट थिलिके वाचायलाच हवा, कारण लुईस युद्धाच्या तोंडाशी बोलतोय आणि थिलिके अगदी शेवटी, तेही हरणाऱ्या बाजूला उभा राहून.

नाझी राजवटीने त्याला १९४० मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून काढलं. पुढे श्टुटगार्टमध्ये त्याने प्रभूच्या प्रार्थनेवर, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेवर, प्रवचनमाला घेतली, एकेका ओळीवर एकेक प्रवचन. ती हॉस्पिटल चर्चमध्ये सुरू झाली. १९४४ मध्ये ते चर्च हवाई हल्ल्यांत पडलं, तेव्हा मंडळी दुसऱ्या जागेत जमू लागली. मालिका सुरू झाली तेव्हा रात्री भोंगे वाजत होते, संपली तेव्हा जर्मनी हरलेला होता आणि शहर परक्या सैन्याच्या ताब्यात होतं. प्रार्थनेतली ओळ तीच, पण 'आमची रोजची भाकर' आणि 'आमची ऋणे आम्हांस सोड' हे शब्द अशा शहरात उच्चारले जातायत हे मनात धरलं की त्यांचं वजन कळतं.

त्याच मालिकेतली एक गोष्ट. बॉम्बने खणलेल्या तळघराच्या खड्ड्यापाशी तो उभा असताना एक बाई त्याच्याजवळ येते. तिचा नवरा तिथेच गेलेला, ढिगारा उपसणाऱ्यांना त्याची फक्त टोपी सापडली. ती सांगते की तुमच्या शेवटच्या प्रवचनाला आम्ही दोघंही होतो, आणि तुम्ही त्यांना अनंतकाळासाठी तयार केलंत, त्याबद्दल या खड्ड्यासमोर उभी राहून तुमचे आभार मानते. थिलिके या प्रसंगाचा उपयोग रडवण्यासाठी करत नाही. सगळं उद्ध्वस्त झालेलं दिसत असतानाही देवाचं राज्य दोन माणसांच्या मध्ये येऊन उभं राहतं, हे दाखवायला तो ती गोष्ट सांगतो.

वाचण्याची रीत: एका बैठकीला एकच ओळ. संपूर्ण मालिका सलग वाचली की चौथ्या-पाचव्या प्रवचनापासून मन बधिर होतं, आणि नेमकी पापक्षमेची ओळ तिथे येते. ती ताज्या मनाने वाचायला हवी.

घंटाघर
एक इशारा आधीच देऊन ठेवतो. युद्धकाळातलं प्रवचन म्हणजे आपोआप आध्यात्मिक अन्न, असं समजू नका. ४ ऑगस्ट १९१४ ला बर्लिनच्या कॅथेड्रलमध्ये राजदरबाराचे धर्मोपदेशक ड्रायांडर यांनी रोमकरांस पत्र ८:३१ वर प्रवचन दिलं: देव आमच्या बाजूला असेल तर आमच्या विरुद्ध कोण? पलीकडे लंडनचे बिशप विनिंग्टन-इन्ग्रॅम १९१५ मध्ये जर्मनांना मारण्याची हाक देत होते, चांगल्या-वाईटात फरक न करता. दोन्हीकडे बायबल एकच आणि आवेश सारखाच.

बिघाड नेमका कुठे झाला ते बघा. रोमकरांस पत्राच्या त्या अध्यायातला 'आम्ही' म्हणजे क्लेश, छळ, उपासमार, तलवार सोसणारी माणसं. चारच वचनं पुढे, ३५ व्या वचनात, ही यादी आहे. प्रवचनकाराने ३१ वं वचन उचललं आणि 'आम्ही' या जागी राष्ट्र बसवलं. म्हणून माझी कसोटी ही: प्रवचनातलं मूळ वचन सापडलं की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचायची. प्रवचन त्या वीस वचनांसमोर टिकलं तर पुढे जा.

दुसरी कसोटी: प्रवचनकार स्वतःच्या बाजूच्या लोकांना काही ऐकवतो का? नुसता शत्रूचाच पाढा असेल तर ते बाजूला ठेवा.

सायंप्रार्थना
घंटाघर, अगदी बरोबर. त्या १९१४ च्या शरद ऋतूत कार्ल बार्थ स्वित्झर्लंडमधल्या झाफेनविल गावात पाळक होता. ज्या प्राध्यापकांकडे तो शिकला, त्यांच्यापैकी हारनाक आणि हेरमान यांनी जर्मनीच्या युद्धाचं समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि त्या धर्मशास्त्रावरचा त्याचा विश्वासच उडाला. त्याची त्या महिन्यांतली प्रवचनं ड्रायांडरच्या प्रवचनाशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. देवाला आपल्या युद्धात ओढू नका, हा त्यांचा सूर.

नवी_पणती
एक शंका. म्युन्स्टरच्या बिशप फॉन गालेनची १९४१ ची प्रवचनं या धाग्यात बसतात का? ती निषेधाची भाषणं म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतून धीर मिळावा अशी अपेक्षा ठेवायची का?

दीपमाळ
नवी_पणती, बसतात, आणि ठळकपणे बसतात. धीर म्हणजे फक्त डोळे पुसणं नव्हे.

तीन प्रवचनं आहेत: १३ जुलै, २० जुलै आणि ३ ऑगस्ट १९४१. पहिल्याच्या आदल्या दिवशी गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) म्युन्स्टरमधली येशूसंघीयांची (जेझुइटांची) दोन्ही घरं जप्त केली होती, आणि त्याच आठवड्यात शहरावर ब्रिटिश बॉम्बही पडले होते. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची घरं नुकतीच उद्ध्वस्त झालेली. अशा लोकांना तो सांगतो की आपल्याच सरकारची गुप्त पोलिस यंत्रणा निरपराधांना उचलते आहे.

आध्यात्मिक आधारासाठी दुसरं प्रवचन, २० जुलैचं, मला सर्वांत मोलाचं वाटतं. तो म्हणतो, आत्ता आपण हातोडा नाही, आपण ऐरण आहोत. मग तो ऐरणीचं काम समजावून सांगतो: ती उलट घाव घालू शकत नाही आणि तिला तशी गरजही नाही, तिने फक्त घट्ट आणि कठीण राहायचं. तापलेल्या लोखंडाला आकार फक्त हातोडा देत नाही, ऐरणही देते. आणि ऐरण पुरेशी कणखर असली तर बहुतेक वेळा हातोड्यापेक्षा जास्त टिकते. ज्याच्या हातात काहीही सत्ता नाही अशा माणसाला 'तू काय कर' याचं इतकं नेमकं उत्तर क्वचित मिळतं. आईवडिलांनी, शिक्षकांनी, पोरांना घडवताना कुठे न हलता उभं राहायचं, हे तो त्यातूनच सांगतो.

तिसऱ्या प्रवचनाचं शुभवर्तमान लूक १९ मधलं, यरुशलेमकडे पाहून येशू रडतो ते. तिथून तो नाझी राजवटीने चालवलेल्या मनोरुग्णांच्या हत्येवर येतो. दंडसंहितेचं २११ वं कलम सांगतो, आपण २८ जुलैला रीतसर फिर्याद दिली आहे हे सांगतो, आणि विचारतो की 'निरुपयोगी' माणसाला मारणं चालत असेल, तर उद्या आघाडीवरून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकाचं काय? प्रवचनात तारीख, कलम, ठिकाण यांना जागा असते हे पाहायचं तर इथे पाहा.

परिणाम सांगताना नीट सांगा. २४ ऑगस्टला हिटलरने मनोरुग्णांना मारण्याची ती केंद्रीय मोहीम थांबवली, पण उपासमारीने आणि औषधांनी मारणं संस्थांमध्ये चालूच राहिलं. ही प्रवचनं हाताने नकलून पसरवणाऱ्यांत ल्युबेकचे तीन कॅथलिक धर्मगुरू आणि एक लुथरन पाळक होते. १० नोव्हेंबर १९४३ ला हॅम्बुर्गमध्ये चौघांचाही शिरच्छेद झाला. गालेनला मात्र अटक झाली नाही. आणि ज्यूंच्या छळाबद्दल तो असा जाहीर बोलला नाही. हेही गटात सांगितलंच पाहिजे, नाहीतर आपण त्याची मूर्ती करून बसतो आणि त्याचं म्हणणं ऐकायचं राहून जातं.

नवी_पणती
धन्यवाद, दीपमाळ. ऐरणीचा भाग या रविवारी गटात घेते.

जुनी_पोथी
ख्रिस्ती परंपरेबाहेरचं एक नाव इथे यायलाच हवं: रब्बी कालोनिमुस काल्मान शापिरा, पियासेच्नोचे रब्बी. वॉर्सा घेट्टोतली त्यांची प्रवचनं सप्टेंबर १९३९ पासून जुलै १९४२ पर्यंतची आहेत. शेवटचं १८ जुलैचं, आणि २२ जुलैला त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. त्यांना नोव्हेंबर १९४३ मध्ये ट्राव्निकी छावणीत मारलं. हस्तलिखित पुरून ठेवलेलं होतं, ते युद्धानंतर सापडलं आणि १९६० मध्ये इस्राएलमध्ये छापलं गेलं.

वाचण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या) दिवशी लिहिणं निषिद्ध, म्हणून ती बोलली गेली यिद्दिशमध्ये आणि शब्बाथ उलटल्यावर आठवून लिहिली गेली हिब्रूत. त्यामुळे मजकूर घट्ट आहे, भाषणाचा ओघ त्यात नाही. एका वेळी दीड-दोन पानांवर जाऊ नका.

दुसरी, रस्त्यावर काय चाललंय त्याचा थेट उल्लेख जवळजवळ नाही. त्या आठवड्याचा तोराहचा (ज्यू धर्मशास्त्राचा) भाग आणि त्यावरची टीका एवढंच दिसतं. घेट्टोचा घटनाक्रम शेजारी उघडा ठेवला नाही तर वाचकाला वाटतं की हे नेहमीचं धर्मशास्त्रीय विवेचन आहे. सप्टेंबर १९३९ च्या बॉम्बवर्षावात त्यांचा एकुलता मुलगा आणि सून दोघं गेले. त्यानंतरच्या पहिल्या काही प्रवचनांत इसहाकाच्या बंधनाचा (अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो त्या प्रसंगाचा) आणि इसहाकाची आई सारा हिच्या मृत्यूचा विषय निघतो, तेव्हा बोलणारा कोण आहे ते ठाऊक असावं लागतं.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: त्यांनी नंतर स्वतःच्या मजकुराला टिपा जोडल्या. १९४१ च्या हनुक्काच्या (ज्यूंच्या दीपोत्सवाच्या) प्रवचनात ते म्हणाले होते की असे क्लेश आपल्या लोकांनी पूर्वीही सोसले आहेत, म्हणून आत्ताच श्रद्धा ढळू देऊ नका. १९४२ च्या अखेरीस त्यांनी टीप लिहिली की हे तोवरच्या क्लेशांपुरतं खरं होतं, त्यानंतर जे घडलं तसं कधीच घडलेलं नाही. स्वतःचं सांत्वन अपुरं पडलं हे लिहून ठेवूनही ते प्रवचन त्यांनी फाडलं नाही. ज्या आवृत्तीत या टिपा वगळल्या असतील ती घेऊ नका.

धीर कुठे आहे? १९४२ च्या सुरुवातीच्या एका प्रवचनात. माणूस एकटा रडतो तेव्हा ते रडणं त्याला मोडून टाकू शकतं, हातून काही होईनासं होतं. पण देवही आतल्या दालनात रडतो आहे, आणि माणूस त्याच्यासोबत रडला तर तेच रडणं बळ देतं. तो मोडलेलाच असतो, तरी उठतो, शिकतो, शिकवतो. दुःख का आलं याचं उत्तर इथे दिलेलं नाही. शोकात असलेल्या माणसाला देण्यासारखं दुसरं इतकं सच्चं पान माझ्या माहितीत नाही.

ओसरी
जुनी_पोथी, फार नेमकं लिहिलंत. टिपांचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

सायंप्रार्थना
थोडं मागे जाऊया. २४ ऑगस्ट ४१० ला गॉथांनी रोम लुटलं आणि निर्वासित उत्तर आफ्रिकेत पोचले. ख्रिस्ती काळातच रोम का बुडालं, हा टोमणा घरोघरी होता. तिथला बिशप ऑगस्टीन याची त्या सुमाराची प्रवचनं लहान आणि अगदी बोलकी आहेत. क्रमांक ८१ मध्ये तो म्हणतो, जग म्हातारं झालंय याचं नवल काय, माणूसही म्हातारा होतो; पण तुझं तारुण्य गरुडासारखं नवं होईल (स्तोत्र १०३:५). क्रमांक ८० मध्ये 'दिवस वाईट आलेत' म्हणणाऱ्यांना तो सांगतो की काळ म्हणजे आपणच, आपण जसे तसा काळ. एका ठिकाणी तेलाच्या घाण्याचं उदाहरण आहे: दाब सगळ्यांवर सारखाच पडतो, गाळ कुरकुरत गटारात जातो आणि तेल भांड्यात उतरतं. हे उदाहरण वापरताना सांभाळा. ते ऐकणाऱ्याने स्वतःकडे बघण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून 'तू गाळ की तेल?' असं विचारलं की त्याचं विष होतं.

रोमचा पोप ग्रेगरी याची बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकावरची प्रवचनं ५९३ च्या आसपासची. लोम्बार्ड राजा अगिलुल्फ पो नदी ओलांडून रोमकडे निघालाय, हे तो प्रवचनांच्या ओघातच सांगतो. शेवटी तो थांबतो. हात तोडलेली माणसं परत येताना दिसतायत, काही कैद झाले, काही मेले, मला आता ग्रंथाचा अर्थ सांगवत नाही, असं म्हणून ईयोब १०:१ उच्चारतो: माझ्या जिवाला जगण्याचा कंटाळा आला आहे. यहेज्केलवरचं विवेचन अर्धवट राहिलं. प्रवचनकारालाही 'आता पुरे' म्हणता येतं, हे कळल्याने किती तरी थकलेल्या पाळकांना मोकळं वाटेल.

घंटाघर
इंग्रज प्रवचनकार लेस्ली वेदरहेड कोणी गटात घेतलाय का? त्याचं लंडनचं चर्च, सिटी टेंपल, एप्रिल १९४१ मध्ये बॉम्बने गेलं. त्याच मंडळीसमोर १९४४ मध्ये त्याने देवाच्या इच्छेवर पाच प्रवचनं दिली. तो तीन भेद करतो: देवाचा मूळ हेतू, बिघडलेल्या परिस्थितीत देवाला हवी असलेली वाट, आणि कशानेही न हरणारी अंतिम इच्छा.

त्यात भारतातला प्रसंग आहे. कॉलऱ्याने मूल गेलेला बाप व्हरांड्यात म्हणतो, देवाची इच्छा. वेदरहेड त्याला विचारतो: रात्री कोणी येऊन मुद्दाम कॉलऱ्याचे जंतू लावलेला कापसाचा बोळा तिथे झोपलेल्या तुझ्या मुलीच्या तोंडावर ठेवला असता तर तू त्याला काय म्हटलं असतंस? मग ज्या कृत्यासाठी माणसाला तुरुंगात टाकशील ते देवाच्या नावावर कसं मांडतोस?

दीपमाळ
घंटाघर, हा विचार फार मोकळं करणारा आहे, पण वेळ चुकली तर जखम करतो. दुःख होऊन चार दिवस झालेल्या माणसासमोर हे तीन भेद मांडू नका. 'देवाची इच्छा' या शब्दांना धरून तो उभा असेल तर ते त्याच क्षणी काढून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. आधी स्तोत्रं, मग जुनी_पोथी यांनी सांगितलेलं रडण्याचं पान. वेदरहेड काही महिन्यांनी, तोही त्याने स्वतः प्रश्न काढला तर. दुसरी अडचण म्हणजे मधला भेद सैल पडतो. आपल्या प्रत्येक सोयीच्या निर्णयाला 'परिस्थितीतली देवाची इच्छा' म्हणता येतं. त्याचा स्वतःचा नमुना वधस्तंभाचा आहे, सोयीचा नाही, हे गटात आवर्जून दाखवा.

वाचनखूण
गटात वाचण्याबद्दल विचारणा होतेय म्हणून बैठकीचा आराखडा देतो. सहा ते दहा जण, सव्वा तास.

पहिली पाच मिनिटं: कागदावर चार ओळी. तारीख, जागा, समोर कोण बसलं होतं, त्या आठवड्यात काय घडलं. प्रवचनकाराचं पुढे काय झालं ते यात लिहायचं नाही. ते शेवटी सांगा. आधी सांगितलं की प्रत्येक वाक्य हुतात्म्याचं वाटू लागतं आणि कोणी प्रश्न विचारत नाही.

मग बायबलमधला उतारा, प्रवचनाआधी, सावकाश. त्यानंतर प्रवचन मोठ्याने, दोघांनी आळीपाळीने. दोन हजार शब्दांना साधारण पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. त्याहून लांब असेल तर अर्धंच घ्या, सारांश करू नका. सारांशात पहिल्यांदा तपशील गळतात, आणि धीर तपशिलातच असतो. तीन मिनिटं शांत. मग प्रत्येकाने पेन्सिलने खुणा करायच्या: जिथे आधार मिळाला तिथे 'आ', जिथे काही मागितलं गेलं तिथे 'मा', जिथे पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. चर्चा प्रश्नचिन्हांपासून सुरू करा. एखाद्या प्रवचनात सगळीकडे 'आ' आणि 'मा' एकही नाही असं झालं, तर घंटाघर यांची दुसरी कसोटी लावून बघा.

हमखास बिघडतं ते हे: पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी आजचं युद्ध मध्ये आणतं आणि बैठक दोन बाजूंत फाटते. आजचं शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि तेही 'माझ्याकडून काय मागितलं जातंय' एवढ्याच रूपात.

उंबरठा
इतकं सगळं वाचायला वेळ नाही. रोज वीस मिनिटं मिळतात. कुठून सुरू करू? आणि नाझींनी तुरुंगात टाकलेला जर्मन पाळक बोनहोफर, त्याचं युद्धकाळातलं काय घ्यावं?

जुनी_पोथी
उंबरठा, जर्मन पाळक निम्योलरची डाखाउ छळछावणीतली सहा प्रवचनं घ्या. २४ डिसेंबर १९४४ ते २ एप्रिल १९४५, म्हणजे नाताळची संध्याकाळ ते पुनरुत्थान सणाचा (ईस्टरचा) सोमवार. कोठडीत, वेगवेगळ्या देशांतल्या मूठभर कैद्यांसमोर दिलेली. एक प्रवचन दोन दिवसांत: पहिल्या दिवशी उतारा आणि प्रवचन, दुसऱ्या दिवशी फक्त खुणा केलेले परिच्छेद आणि प्रार्थना. बारा दिवसांत होतात. मग लुईस, मग थिलिके एकेक ओळ. शापिरा एकट्याने आणि घाईत नको, सोबत कोणी असेल तेव्हाच.

बोनहोफरला १९४० मध्ये जाहीर बोलण्याची बंदी झाली, त्यामुळे युद्धकाळातली त्याची प्रवचनं थोडीच. तुरुंगातून मे १९४३ मध्ये लिहून पाठवलेलं लग्नाचं प्रवचन आणि मे १९४४ मध्ये बाप्तिस्म्यानिमित्त लिहिलेले विचार ही दोन घ्या. एक काळजी मात्र घ्या: अन्यायासमोर गप्प राहणं हाच अन्याय, अशा आशयाचं वाक्य त्याच्या नावाने सगळीकडे फिरतं, पण त्याच्या लेखनात ते सापडत नाही. प्रवचनातलं वाक्य दुसऱ्याला पाठवायचं असेल तर त्याच्यासोबत तारीख आणि आजूबाजूचा परिच्छेदही पाठवा. तो हाताशी नसेल तर वाक्य पाठवू नका.

उंबरठा
समजलं. निम्योलरपासून सुरू करतो. पहिल्या प्रवचनाचा उतारा लूक २ मधलाच ना?

जुनी_पोथी
हो, नाताळचाच. तो आधी वाचा, मग प्रवचन.